मग तिथलं पाणी गेलं कुठं?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. सुरुवात मुंबईच्या बेटांपासून आहे, पण शेवट आपल्या शिरोली नाक्यावर आहे. चहा घ्या आणि निवांत वाचा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आईचे मामा चिखलीचे. प्रयाग चिखली, पंचगंगेला पूर आला की बातम्यांत पहिलं नाव येतं तेच गाव. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. तपासणीसाठी त्यांना परळला न्यायचं होतं. जुलै महिना, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी दादरला उतरलो, टॅक्सी केली आणि हिंदमाताजवळ अडकलो. रस्त्यावर गुडघाभर पाणी. टॅक्सीवाला इंजिन बंद करून निवांत बसला, त्याला ते रोजचंच. आबा काच खाली करून बराच वेळ त्या पाण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हितं नदी न्हाई, वढा न्हाई. मग ह्ये पाणी आलं कुठनं?"

मी शाळेत शिकलेलं सांगितलं. मुंबई म्हणजे मूळची सात बेटं होती, आबा. मधे खाड्या होत्या. इंग्रजांनी त्या बुजवल्या आणि एक शहर केलं.

आबा म्हणाले, "बुजवल्या, त्ये झालं. पर मग तिथलं पाणी गेलं कुठं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलोय. आबांचा प्रश्न किती बरोबर होता ते हळूहळू कळलं. म्हणून हे लिहितोय.

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती सात बेटं. भरतीला मधून पाणी जायचं, ओहोटीला चिखल उघडा पडायचा. कोळी मासेमारी करायचे, भंडारी माडीचा व्यवसाय करायचे, मधल्या सखल जागेत भात आणि मिठागरं. १५३४ च्या वसईच्या तहानं ही बेटं गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली. १६६१ ला पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, त्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांना मिळाली. राजाला तिचं काही कौतुक नव्हतं. १६६८ ला त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं देऊन टाकली. या सगळ्या देण्याघेण्यात तिथल्या कोळ्यांना कुणी काही विचारलं नाही. पुढच्या साडेतीनशे वर्षांची सवय तिथनंच लागली.

त्या पाण्याच्या खुणा आजही नावांत आहेत. पायधुणी. माझगावकडून मुंबई बेटावर येताना खाडीच्या चिखलात भरलेले पाय इथं धुवायचे म्हणून पायधुणी, असं सांगतात. उमरखाडी. नावातच खाडी आहे, आणि आज तिथं खाडी शोधून सापडायची नाही. धोबीतलाव. तलाव नाही. दोन टाकी, सी. पी. टँक. टाकी नाहीत. गवालिया टँक. १९४२ ला 'चले जाव'ची हाक जिथून दिली गेली ते मैदान एका बुजवलेल्या तळ्यावर आहे.

सगळ्यात मोठा घास घेतला तो महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधल्या खिंडारात. तिथून भरतीचं पाणी थेट बेटांच्या पोटात शिरायचं. विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना तिथं बांध घातला गेला, १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला. हॉर्नबी वेलार्ड. आज हाजीअलीसमोरून जाताना तुमची गाडी त्याच बांधावरून जाते. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता. मग रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थाला देवीनं स्वप्नात सांगितलं की मी समुद्रात आहे, मला वर काढ. मूर्ती काढल्या, देऊळ बांधायचं ठरलं, आणि बांध टिकला. मुंबईच्या महालक्ष्मीची ही कथा. खरी-खोटी जाऊ द्या. समुद्राची जागा घ्यायची तर कुणाला तरी विचारावं लागतं, एवढी जाणीव त्या काळच्या माणसाला होती, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

बांध झाल्यावर आतली दलदल हळूहळू वाळत गेली. कामाठीपुरा, ताडदेव, भायखळ्याचा सखल भाग वस्तीखाली आला. पण वाळलेली जमीन म्हणजे उंच झालेली जमीन नव्हे. ती खोलगटच राहिली. शहराचा कचरा आणून टाकला, टेकड्या फोडून भराव केला, तरी पावसाळ्यात पाणी तिथंच. आणि त्या सखल जागेत राहायला कोण आलं? कामाठीपुऱ्याच्या नावातच उत्तर आहे. तेलुगू मुलखातून बांधकामाला आलेले मजूर म्हणजे कामाठी. उंचावर मलबार हिलचे बंगले, आणि ज्यांनी माती वाहिली ते पाण्यात.

पुढं रांगच लागली. शीवचा बांध, १८३८ ला कुलाब्याचा, १८४५ ला माहीमचा. माहीमच्या बांधाला सरकार पैसे देईना, तेव्हा लेडी आवाबाई जमशेटजी जिजीभॉय यांनी १ लाख ५७ हजार रुपये स्वतःचे घातले. हे कौतुकाचंच आहे. माहीमच्या खाडीत होड्या उलटून माणसं मरत होती, पुलाची गरज खरी होती. सगळेच भराव हावरटपणानं झाले असं मी म्हणत नाही.

हावरटपणा आला तो १८६० नंतर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आपला कापूस लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. आता हा पैसा घालायचा कुठं? तर समुद्र बुजवायच्या कंपन्यांत. बॅकबे बुजवणाऱ्या कंपनीचे शेअर समुद्रात एक दगड पडायच्या आधी कैक पटीनं चढले. १८६५ ला युद्ध संपलं, १ जुलैला सौदे पुरे करायचा दिवस उजाडला आणि सगळा डोलारा कोसळला. बँका बुडाल्या. प्रेमचंद रायचंदसारखा सटोडियांचा राजा गोत्यात आला. नसलेल्या जमिनीचा सट्टा. आज बायपासच्या कडेच्या प्लॉटांच्या जाहिराती बघताना मला हे हमखास आठवतं.

दुसरा अध्याय १९२० नंतरचा. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी पुन्हा बॅकबे काढला. खर्च वाढत गेला, ठरलेल्या जमिनीतली निम्मीसुद्धा झाली नाही. खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलानं त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. सरकारी इंजिनिअरनं त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, नरिमन त्यातून निर्दोष सुटले. आणि गंमत बघा, समुद्रातल्या भरावाविरुद्ध लढलेल्या या माणसाचं नाव पुढं कुठल्या जागेला दिलं? नरिमन पॉइंट. समुद्रात भराव घालून केलेली जागा.

तुम्ही म्हणाल, मुंबईचं आम्हाला काय सांगतोस? तर दोन कारणांनी सांगतोय.

पहिलं, ती मुंबई आपलीही आहे. आजरा, चंदगड, गडहिंग्लजच्या कितीतरी गावांच्या गावकीच्या खोल्या गिरणगावात होत्या. आपल्या चुलत्या-मामांनी त्याच सखल परळ-लालबागमध्ये पाळ्या केल्या, दर पावसाळ्यात ट्रंका फळीवर चढवल्या. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी ज्या खात्यानं बांधल्या, तेच खातं तिकडं बॅकबे बुजवत होतं. शाहू महाराजांनी शेवटचा श्वास घेतला तोही मुंबईतच, ६ मे १९२२ ला.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मुंबईनं जे समुद्राबरोबर केलं, ते आपण पंचगंगेबरोबर करतोय.

२००५ आठवा. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाऊस अफाट होता, मान्य. पण मिठी नदीचं काय केलं होतं? विहार आणि पवईच्या तलावांतून निघून माहीमच्या खाडीत जाणारी नदी. तिला विमानतळाच्या धावपट्टीखालून काटकोनात वळवली होती, आणि तिच्या मुखाजवळच्या दलदलीवर, तिवरांवर वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं होतं. शेकडो माणसं गेली. त्याच दिवसांत इकडं आपणही पुरात होतो. मग २०१९. मग २०२१.

राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोराला पाठ आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ फुटांच्या वर. महामार्ग शिरोलीजवळ दिवसच्या दिवस बंद. पेट्रोल फक्त अत्यावश्यक सेवेला. शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं वेढलेली. मुंबईची सात बेटं जोडायला दोनशे वर्षं लागली, आपलं बेट व्हायला दोन रात्री पुरल्या.

आणि जुन्या खुणा आपल्याकडंही नावांतच आहेत. कपिलतीर्थ म्हटलं की आपल्याला भाजी मंडई आठवते, तिथं तळं होतं. वरुणतीर्थ होतं तिथं गांधी मैदान आहे. दर पावसाळ्यात मैदानाचं तळं झालं म्हणून आपण महापालिकेला शिव्या घालतो. अहो, मैदानाचं तळं होत नाही, तळ्याचं मैदान केलंय! रावणेश्वराचं तळं होतं तिथं शाहू स्टेडियम. पाटाकडील आणि प्रॅक्टिसची मॅच असली की आपण ज्या जागेवर बसून घसा फोडतो, ती पाण्याची जागा. खुद्द 'पाटाकडील' या नावात पाण्याचा पाट आहे. रमणमळ्यात मळा आहे. नाव ठेवणाऱ्यांनी पत्ता लिहून ठेवला होता, आपण तो वाचायचं सोडलं.

जुनं कोल्हापूर कुठं वसलं? ब्रह्मपुरीच्या टेकडावर. तिथल्या उत्खननात दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. समुद्राचा देव पोसायडनची ब्राँझची मूर्तीही ब्रह्मपुरीचीच, टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. पोरांना दाखवून आणा. त्या माणसांचा समुद्रापलीकडं व्यापार चालायचा, आणि घर मात्र ते नदीकाठी असून टेकाडावर बांधायचे. त्यांच्याकडं ना सॅटेलाइट होता ना पूररेषेचा नकाशा.

आपल्याकडं नकाशा आहे. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधलं क्षेत्र निषिद्ध, निळ्या आणि लालमधलं नियंत्रित. नियम असा साधा आहे. भांडण सुरू होतं ते रेषा कुठून न्यायची यावर. रेषा थोडी अलीकडं, थोडी पलीकडं. कागदावर बोटभर सरकली की जमिनीवर एक अपार्टमेंट उठतं.

भरावाचा धर्म एकच. पाणी संपत नाही, दुसऱ्याच्या दारात जातं. नदीकाठच्या शेतात मी दहा फूट मुरूम टाकला की माझं पार्किंग कोरडं राहतं. मग ते पाणी जयंती नाल्यानं उलटं शिरून शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जातं. पूर येतो नेमका गणपतीच्या तोंडावर. वर्षभर राबून केलेल्या मूर्ती भिजतात किंवा रातोरात उचलून न्याव्या लागतात. माझा मुरूम आणि त्यांचा गणपती यांचा संबंध कुठल्याही पंचनाम्यात लिहिला जात नाही. पण संबंध आहे.

आता एक गोष्ट काहींना आवडणार नाही. पूर आला की आपण सगळे अलमट्टीकडं बोट दाखवतो. अलमट्टीची उंची वाढवायला विरोध आहेच, तो राहिलाच पाहिजे, आणि कर्नाटकाला जाब विचारलाच पाहिजे. पण २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नाही. समितीशी वाद घाला, जरूर घाला. मात्र अलमट्टीच्या नावानं बोंब मारून झाल्यावर रात्री शिरोलीच्या बाजूला डंपर रिकामे होणार असतील, तर ते आंदोलन अर्धंच झालं. अलमट्टी आपल्या हातात नाही. डंपर आपल्या हातात आहेत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोल्हापूरला जागा नाही, हे खरं आहे. १९७२ ला महापालिका झाली, त्यानंतर कित्येक दशकं हद्दवाढ रखडली. शहर वाढणार कुठं? आणि ज्या शेतकऱ्याची जमीन निळ्या रेषेत गेली, त्यानं काय पाप केलं? शेजारच्याचा गुंठा सोन्याच्या भावानं जातो आणि याची जमीन नुसत्या एका रेषेनं कवडीमोल. तो चिडणारच. नदीला जागा सोडायची ती सगळ्या शहरासाठी, मग तिचा खर्च त्या एकट्यानं का सोसायचा? त्याला टीडीआर द्या, मोबदला द्या, ऊस-गवत करायला मोकळीक द्या. नुसतं 'अतिक्रमण अतिक्रमण' ओरडून नदी वाचत नाही.

मुंबईत परत जाऊ, शेवटचं. कोस्टल रोडचं काम निघालं. १६ जुलै २०१९ ला हायकोर्टानं त्याची मंजुरी रद्द केली, डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं काम पुन्हा सुरू होऊ दिलं. वरळीचे कोळी म्हणत होते, आमच्या बंदराच्या तोंडावर पुलाचे खांब ६० मीटरवर घालू नका, त्या प्रवाहात आमच्या होड्या आपटतील, अंतर वाढवा. इंजिनिअर म्हणाले, ६० पुरेत. कोळी हटले नाहीत. कामं अडवली, आंदोलनं केली. शेवटी सरकारला अंतर १२० मीटर मान्य करावं लागलं. कोळ्यांना हवं होतं तितकं मिळालं नाहीच. तरी साडेतीनशे वर्षांत पाण्यातल्या माणसाचं ऐकून खांब हलवले गेले, ही साधी गोष्ट नाही.

आणि आमची टॅक्सी अडकली होती त्या हिंदमाताला काय केलं? पंप लावून दमले. शेवटी दादर-परळच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या, पावसाचं पाणी साठवायला. म्हणजे आधी तलाव बुजवून मैदानं केली, आता मैदानं खणून तलाव करतायत. पाण्यानं आपली जागा परत घेतलीच. फक्त मधल्या काळाचं बिल लोकांनी भरलं.

आपल्याला ते बिल टाळायचं असेल तर मागण्या साध्या आहेत.

एक, शिरोली ते पंचगंगा पूल आणि पुराच्या पट्ट्यातला महामार्ग भरावावर नको, खांबांवर हवा. रस्ता वर, पाणी खाली. ही मागणी प्रत्येक पुरानंतर होते आणि पाणी उतरलं की विसरली जाते. वरळीच्या कोळ्यांसारखं चिकटून राहावं लागेल.

दोन, निळी आणि लाल रेषा कार्यालयातल्या नकाशावर नको, गल्लीतल्या भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर रंगवा. फ्लॅट घेणाऱ्याला ती डोळ्यांनी दिसू दे.

तीन, निषिद्ध क्षेत्रात भराव टाकणारा सापडला तर दंडाची पावती फाडून सोडू नका. भराव त्याच्याच खर्चानं काढायला लावा.

चार, निळ्या रेषेतल्या शेतकऱ्याचा मोबदला आधी ठरवा, मग त्याला नियम सांगा.

पाच, नियोजनाच्या बैठकीत चिखली-आंबेवाडीची माणसं, कुंभार गल्लीची माणसं बसवा. पाणी कुठल्या बाजूनं चढतं आणि कुठल्या बाजूनं उतरतं, हे त्यांना कुठल्याही कन्सल्टंटपेक्षा जास्त कळतं.

त्या दिवशी तपासणी उरकून रात्रीच्या गाडीनं आम्ही परत निघालो. सकाळी रुकडी सोडल्यावर पंचगंगेचा पूल आला. नदी पात्राबाहेर पडलेली, दोन्हीकडचा ऊस पाण्यात. आबा खिडकीतून बघत होते. मी म्हटलं, आबा, पाणी वाढलंय. ते म्हणाले, "वाढूं दे की. तिच्याच रानात हाय ती. घरात आल्यावर बोल."

ती तिच्या रानात आहे तोवर आपण सुखी आहोत. ते रान विकायला काढलंय, प्रश्न एवढाच आहे.

तुमच्या गल्लीत २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं आणि आज त्या जागेवर काय उभं राहिलंय, ते खाली लिहा. शक्य असेल तर फोटो टाका. सगळं एकत्र करून निवेदनाला जोडू. आणि कृपा करून पक्षाच्या भांडणात नेऊ नका. पाणी घरात शिरताना झेंडा बघत नाही.